निळी गोळी थुंकणारी पोरं

शाळेत आरोग्य वेगळं शिकवावं का, या चर्चेत एकाने म्हटलंय की आरोग्याचे धडे विज्ञानाच्या पुस्तकात आहेतच, वेगळं शिकवायची गरज काय? पुस्तकात आहेत, मान्य. पण सरकारी शाळांत दहा वर्षांवरच्या मुलामुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, तिचं काय होतं ते बघा. खिचडी खाऊन झाली की गोळी हातावर पडते आणि काही पोरं ती गालात धरून नळापाशी जाऊन थुंकतात. कारण मागच्या खेपेला शौचाला काळं झालं, कुणाला मळमळलं, आणि घरी आजी म्हणाली, "कसलं औषध देतात कोण जाणे!"

लोहाने शौचाचा रंग काळा होतो, घाबरायचं कारण नाही. उपाशीपोटी घेतली तर मळमळू शकतं. वर लगेच चहा ढोसला तर लोह नीट अंगी लागत नाही, लिंबू किंवा आवळा खाल्ला तर जास्त लागतं. हे सांगायला पाच मिनिटं पुरे. पण बाईंना आधी रजिस्टर भरायचं असतं (त्यांचाही दोष नाही म्हणा).

जंतनाशक दिनाचंही तेच. २०१५ पासून अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला लावतात. पण अंकुशकृमी नावाचा जंत अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो, हे किती मुलांना सांगितलं जातं? ते कळलं तर पोरगं परसाकडे जाताना स्वतःहून चप्पल घालेल. वेगळा तास नसला तरी चालेल, गोळी देताना तेवढं बोला. आणि पालकसभेत आज्यांनाही बोलवा.