नोकरी दिली म्हणजे झालं का?

पायवाट:
काल 'सरळरेघ' यांनी दिव्यांगांच्या सरकारी नोकऱ्यांबद्दल लिहिलं, "४ टक्के जागा राखीव दिल्या, वयात सवलत दिली, आता कामावर सांकेतिक भाषेचा दुभाषाही सरकारनेच द्यायचा? बोट दिलं की हात धरतात." ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

माझा धाकटा भाऊ कर्णबधिर. राखीव जागेवर लिपिक म्हणून लागला. पहिल्याच आठवड्यात "याला फोन घेता येत नाही" म्हणून आवक-जावक रजिस्टरवर बसवला, नऊ वर्षं झाली, तिथेच आहे. विभागीय परीक्षेचं प्रशिक्षण झालं तेही सगळं तोंडी, शिकवणारे फळ्याकडे तोंड करून बोलणारे. ओठ तरी कसे दिसावेत? बरोबरीचे वरिष्ठ लिपिक झाले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २० आहे ना? सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला कामासाठी लागणाऱ्या सोयी द्यायच्या, केवळ अपंगत्वावरून बढती नाकारायची नाही. हात कुणी धरलाय?

सरळरेघ:
तुमच्या भावाचं वाईट वाटतं. पण एका माणसामागे एक दुभाषा कोण पोसणार? आणि खरं दुखणं वेगळंच आहे, बोगस प्रमाणपत्रं. माझ्याबरोबर परीक्षेला बसलेला एक जण कर्णबधिर कोट्यातून लागला. मागून हाक मारली की वळून बघतो! मी थोडक्यात राहिलो. ते अजून सलतं.

जुनाकारकून:
अगदी. आमच्याकडे एका मूकबधिर म्हणून लागलेल्याचं उघडकीला आलं, आणि बदलीवर भागलं. कलम ९१ मध्ये २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड लिहिलाय. लिहिलेलंच राहिलं.

अर्धविराम:
मी ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. हाकेला वळला म्हणजे खोटा, हे डोक्यातून काढा. श्रवणयंत्र लावून अनेकांना हाक कळते, वाक्य कळत नाही. प्रमाणपत्र यंत्राशिवायच्या श्रवणावर मिळतं. दोन्ही कानांत ७० डेसिबल घट असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा. हेडफोनच्या चाचणीत आवाज आल्यावर बोट वर करायचं असतं, तिथे लबाडी होऊ शकते, हे खरं. म्हणून शंका आली की बेरा नावाची चाचणी करतात. डोक्याला इलेक्ट्रोड लावून संदेश मेंदूकडे पोचतो का ते बघतात. माणूस झोपला तरी चालतं.

सरळरेघ:
मग सगळ्यांचीच बेरा का करत नाही? "शंका आली की" हे ठरवणार कोण?

जुनाकारकून:
जुन्या प्रमाणपत्रांचीही करा. मागची सगळी भरती तपासा.

पायवाट:
मी दुभाषाबद्दल लिहिलं होतं. तुम्ही सगळे चोर पकडायला निघालात. चार लबाडांपायी माझ्या भावाने रोज आरोपीसारखं का वावरायचं?

खिडकी:
मी स्वतः कर्णबधिर आहे. जुनाकारकून, 'मूकबधिर' लिहू नका. मी मुकी नाही, माझी भाषा हातांची आहे.

सरळरेघ, एकामागे एक दुभाषा मागितलाय कुणी? बैठकीपुरता, प्रशिक्षणापुरता द्या, व्हिडिओ कॉलवर द्या. मुळात दुभाषेच पुरेसे नाहीत. सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था दिल्लीत निघाली तीच २०१५ साली. माझ्या एका मुलाखतीत दुभाषा नव्हता. प्रश्न कागदावर लिहून द्या म्हटलं, तर वेळ नाही म्हणाले. शेरा पडला, 'योग्य उमेदवार नाही'. असा शेरा पडला की कलम ३४ प्रमाणे जागा पुढच्या वर्षात जाते, तेव्हाही कुणी नाही मिळालं तर दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांगाला, आणि तोही नसेल तर कुणालाही. त्या ४ टक्क्यांतला आमचा १ टक्का असा हातातून जातो, एकही खोटं प्रमाणपत्र न लागता. खासगीत तर ५ टक्के दिव्यांग कर्मचारी ठेवण्यासाठी नुसतं प्रोत्साहन, सक्ती नाहीच.

सरळरेघ:
मुलाखतीचं हे माहीत नव्हतं. बैठकीपुरता, कॉलवरचा दुभाषा असेल तर माझा विरोध नाही. 'हात धरतात' हे मागे घेतो. पण बेरा सगळ्यांना सक्तीची हवी, त्यावरून हलणार नाही.

पायवाट:
करा सक्ती. भाऊ तीनदा देऊन आलाय, दर वेळी नव्या साहेबांना शंका आली म्हणून. तिसऱ्या वेळी तिथल्या माणसाने सगळ्या सूचना तोंडी दिल्या, तोंडावर मास्क लावून.