शब्दचर्चा : हायड्रोट्रीटिंगमध्ये अशुद्धी 'काढतात' का?

विचारणा : रिफायनरीतल्या हायड्रोट्रीटिंगवरचा, म्हणजे हायड्रोजन वापरून तेल शुद्ध करण्याच्या प्रक्रियेवरचा, मजकूर मराठीत आणतेय. "जड तेलातली अशुद्धी काढून टाकतात" असं लिहिलं, पण 'काढून टाकतात' खटकतंय. 'गाळतात' चालेल? आणि 'अशुद्धी' की 'मलद्रव्ये'?

उत्तर : 'मलद्रव्ये' वाचून सांडपाणी आठवतं, 'अशुद्धी'च ठेवा. 'गाळतात' मात्र अजिबात नको. चहा गाळला की चोथा होता तसा गाळणीत राहतो. इथे तसं काही हाती लागत नाही. गंधक कार्बनच्या साखळ्यांत नि कड्यांत गुंफलेलं असतं. साडेतीनशे-चारशे अंशांना, हायड्रोजनच्या दाबाखाली, उत्प्रेरकावर तो बंध तुटतो आणि गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो. म्हणून मी 'सुटतं' लिहीन.

तेही सगळं एकदम सुटत नाही. साधी संयुगं आधी जातात, हट्टी मागे राहतात. ४,६-डायमिथाइल डायबेन्झोथायोफीन घ्या. त्यात गंधकाच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट आडवे येतात, त्यामुळे गंधक उत्प्रेरकाला नीट भिडतच नाही. आधी एका कड्यात हायड्रोजन भरावा लागतो. मग रेणूचा सपाटपणा मोडतो आणि वाट मोकळी होते. बीएस-६ डिझेलला किलोमागे जेमतेम १० मिलिग्रॅम गंधकाची मुभा आहे, तिथे घाम फुटतो तो याच मंडळींमुळे.

नायट्रोजन त्याहून चिवट. कडं हायड्रोजनने भरल्याशिवाय बंध सहसा तुटत नाही. गंमत म्हणजे इंडोलसारखं नायट्रोजनचं जवळपास उदासीन संयुग वाटेत इंडोलिन होतं, म्हणजे चक्क आम्लारिधर्मी. शेवटी अमोनिया. इथे 'सुटतो'पेक्षा 'रूपांतर होतं' बरं.

दुसरे वाचक : आणि धातू? व्हॅनेडियम, निकेल?

उत्तर : ते वायू होऊन कुठे जाणार! तेलात ते पॉर्फिरिन नावाच्या मोठ्या कड्यासारख्या रेणूत अडकलेले असतात; त्या पिंजऱ्यातून निघतात आणि सल्फाइड होऊन उत्प्रेरकाच्याच छिद्रांत बसतात. तेल स्वच्छ होतं, उत्प्रेरक बाद होत जातो. म्हणून मोठ्या छिद्रांचा उत्प्रेरक पुढे ठेवतात, मार त्याने खायचा. धातूंसाठी 'साचतात' लिहा.

विचारणा : मग वायू 'निघून जातात' म्हणू ना?

उत्तर : तेही नको. गार होताना हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया एकत्र येऊन अमोनियम बायसल्फाइडचं मीठ धरतं, कूलरच्या नळ्या तुंबतात. म्हणून आधीच पाणी सोडून ते विरघळवतात. उरलेला हायड्रोजन सल्फाइड वेगळा करून सल्फर युनिटला पाठवतात, तिथे त्याचं पुन्हा पिवळं गंधक होतं. 'वेगळे करतात' हा शब्द शोभतो तो इथे.