घरापासून वाडीपर्यंत वीज आणि फायबर एकाच केबलमधून न्यावे का?

वाडीकर (गुहागर तालुका)

आमचे घर रस्त्याकाठी असून माडापोफळींची वाडी खाली समुद्राच्या अंगाला, घरापासून सुमारे २८० मीटरवर आहे. वाडीतल्या मांगरात वीजजोडणी नाही. तेथे दोन कॅमेरे आणि वायफायचा एक ॲक्सेस पॉइंट बसवायचा आहे, कारण नारळ पाडून नेणारे आणि वानर या दोघांवरही नजर ठेवणे आता भाग पडले आहे. सर्व मिळून भार ३० वॅटच्या आत राहील. नेहमीची लॅन केबल १०० मीटरपलीकडे चालत नाही, म्हणून एकाच आवरणात तांब्याच्या दोन तारा आणि फायबरचे दोन धागे असलेली हायब्रिड केबल एका विक्रेत्याने सुचवली आहे. ती घ्यावी का, आणि तिच्यातून २३० व्होल्ट न्यावेत की १२ व्होल्ट, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना तारतंत्री (रत्नागिरी)

यांपैकी कोणतेच नाही. १२ व्होल्टला ३० वॅटसाठी अडीच अँपिअर प्रवाह लागतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा जाण्यायेण्याचा ५६० मीटरचा रोध साधारण ४.१५ ओहम धरला, तर वाटेतच दहा व्होल्ट खर्ची पडतील आणि मांगरात काही पोहोचणारच नाही. २३० व्होल्ट काचेच्या धाग्याला बाधत नाहीत, पण पुढे कधी जोड उघडून बसणाऱ्या माणसाला बाधतात. घरी ५४ व्होल्ट डीसीचा पुरवठा ठेवावा. मग प्रवाह ०.६ अँपिअरच्याही आत राहतो, वाटेत जेमतेम अडीच व्होल्ट जातात आणि मांगरात ५१ च्या वर मिळतात. साधा ४८ व्होल्टचा पुरवठा घेतलात तर तेथे ४५ उरतील, आणि ३० वॅटच्या पीओई (लॅन केबलमधूनच उपकरणाला वीज देण्याची पद्धत) प्रकाराला, ती वीज देणाऱ्या नेटवर्क स्विचच्या तोंडाशी किमान ५० लागतात. कॅमेरे रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच बंद का पडतात, याचे कारण अनेकदा हेच असते. फायबर सिंगल मोडच (अतिशय बारीक गाभ्याचे, लांब अंतराला वापरतात ते) घ्यावे. एवढ्याशा अंतरात प्रकाशाची घट नगण्य असते.

खाडीपलीकडचा (दापोली)

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु कोकणात प्रश्न केवळ व्होल्टेजचा नाही. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून निव्वळ फायबर टाकले की घर आणि वाडी विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तुटलेली राहतात. हायब्रिड केबलमधले तांबे हा फायदा घालवून बसते. माझ्याकडे वळवाच्या पहिल्याच पावसात शेजारच्या माडावर वीज पडली. केबलमधले धागे शाबूत राहिले, पण दोन्ही टोकांचे कन्व्हर्टर (फायबरचा प्रकाश आणि लॅनचा विद्युत संकेत यांची अदलाबदल करणारे डबे) आणि घरातला राउटर काळा पडला. त्या दिवसांत जांभा कोरडाठाक असल्यामुळे अर्थिंगही नीट लागत नाही. म्हणून दोन्ही टोकांना डीसीचे सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत वळवणारी उपकरणे) बसवून चांगले अर्थिंग करणार नसाल, तर हायब्रिड केबल घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाडीकर

आभारी आहे. दोन वेगळ्या केबल टाकायच्या म्हटल्या तर जांभ्यात दोनदा चर खणावा लागेल का? खणाईची मजुरीच केबलपेक्षा जास्त होते आहे.

खाडीपलीकडचा

चर एकच खणावा, पण त्यात एचडीपीईचे (टणक प्लास्टिकचे) दोन पाइप शेजारी शेजारी टाकावेत आणि दोन्हींत ओढदोरी ठेवावी. एका पाइपात साधी वीजकेबल आणि दुसऱ्यात धातूचा अंश नसलेले फायबर घालावे. खाऱ्या हवेत आधी खराब होते ते तांबे: टोकाशी ते हिरवे पडते आणि ओल आवरणाखालून आत सरकत जाते. हायब्रिडमध्ये अशा वेळी चांगले फायबरही त्याच्याबरोबर उपसून काढावे लागते. वेगळ्या केबल टाकल्या तरी तांबे दोन्ही इमारती जोडतेच, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टर टळत नाहीत.

जुना तारतंत्री

याला माझीही संमती आहे. पाइपांची तोंडे घुशींसाठी नीट बंद करावीत, आणि गडग्याखालून वळवताना फायबरला काटकोनात मोडू नये. केबलच्या जाडीच्या किमान वीसपट त्रिज्येचा वळसा द्यावा. काम आगोटीपूर्वी संपवावे, कारण चरात एकदा पाणी साचले की पाइपात चिखल शिरतो आणि मग ओढदोरीही हलत नाही.