अनुभव धागा: चालती गाडी देऊन टुरिंगवाली घ्यावी का? (नागपूर)

१५०-१६० सीसीची रोजची गाडी एक्सचेंजला द्यायच्या विचारात असलेल्यांसाठी. 'कोणती भारी' हा वाद नको. पैसे, कागद आणि गाडीची तब्येत यांवर लिहा.

वाडी नाका
आधी रस्ता बघा. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, म्हणजे उरला अमरावती रोड, नाहीतर मनसर-खवासाकडचा ४४ नंबरचा हायवे. तिथे एकट्याने ८० ने जायला १६० सीसी पुरते. चिखलदऱ्याच्या घाटात मागे माणूस आणि वर सामान असलं की मात्र दम लागतो. एकटेच फिरत असाल तर पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १५ दातांऐवजी १६ चं टाकून बघा. त्याच वेगाला आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) साधारण ६ टक्के उतरतो, हँडलची झिणझिण कमी होते. चढावर गिअर लवकर पाडावा लागेल. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवेल, चलान बसायच्या आधी हे लक्षात घ्या.

महालचा मिस्त्री
भाऊ, टेस्ट राइड एकट्याने घेऊन काय उपयोग? मागे बसणाऱ्याला सोबत न्या, जमलं तर भर दुपारी. लिक्विड कूल्ड (रेडिएटरवालं) इंजिन हायवेवर थंड राहतं, पण मे महिन्यात सिग्नलला फॅन सुरू झाला की गरम हवा थेट पायावर येते. टुरिंगवाल्यांत रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो, सुझुकीच्या २५० सीसी व्ही-स्ट्रॉम एसएक्सचं १६७. पार्किंगच्या उतारावरून गाडी मागे ढकलून बघा, फरक तिथेच कळतो.

गाडी डोलते अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची टॉप बॉक्स (सीटमागची पेटी) बहुतेक गच्च भरलेली असते. ते वजन मागच्या चाकाच्याही मागे पडतं, पुढचं चाक हलकं होतं आणि वेग वाढला की हँडल हलतं. जड सामान दोन्ही बाजूंच्या बॅगांत, खाली ठेवा. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवा. हवा स्टिकरवरच्या डबलसीटच्या आकड्याप्रमाणे, तीही सकाळी टायर थंड असताना भरा.

सदर
शोरूममध्ये तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा: जुन्या गाडीची किंमत, एक्सचेंज बोनस (जुनी दिल्याबद्दलची जादा सूट), नवीची ऑन-रोड (कर-विम्यासकट) किंमत. एकत्र सांगितले की बोनस वाढवून गाडीचा भाव पाडलेला कळत नाही. दुसरी चावी नसली की हमखास पैसे कापतात. टायर-चेनसेट नवा टाकून न्यायच्या फंदात पडू नका, तो खर्च भावात निघत नाही. धुऊन न्या, पुरे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के, ३५० च्या वरच्यांना ४०. त्यामुळे २५० आणि ४५० सीसीच्या किमतींतली दरी बरीच रुंदावली आहे.

मानेवाडा
कागद. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा. मग गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. गिऱ्हाईक छिंदवाडा-शिवनीचं असेल तर राज्य बदलतं, फॉर्म २८ ची एनओसीही लागते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून चावी देऊ नका. नाव बदलेपर्यंत चलान आणि अपघाताची नोटीस तुमच्याच दारात. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पत्र ३ वर्षं चालतं.

हिंगणा
उंची कमी असणाऱ्यांनी बुट घालून बसून बघा. व्ही-स्ट्रॉमची सीट ८३५ मिमी, जुन्या ४११ हिमालयनची ८००. पावसाळ्यात शेतरस्त्याच्या काळ्या मातीत पाय घट्ट टेकला नाही तर गाडी आडवी झालीच म्हणून समजा.