मदत हवी आहे: खरोसा लेण्यात बासरी उतरते

औसा तालुक्यातल्या खरोसा लेण्यात पांढरी 3 ची (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सा असलेली) बासरी वाजवायची आहे. अडचण सुराची. उन्हातून गारव्यात गेलं की बासरी उतरते. हवा 10 अंशांनी थंड झाली तर साधारण 30 सेंटपर्यंत (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). मोबाईलवरचा तानपुरा मात्र जागचा हलत नाही, म्हणून षड्जच बेसूर लागतो. फुंक वाढवून सूर चढवला तर तार सप्तक फाटतं. 15 मिनिटं बासरी आत ठेवून, फुंकेने गरम करून मग तानपुराच 10-20 सेंट उतरवावा, की दुसरा उपाय आहे?

शिवाय दगडी भिंतींच्या घुमाऱ्यात द्रुत ताना एकमेकींत मिसळतात, आलाप मात्र सुरेख भरतो. रेकॉर्डर बासरीपासून किती फुटांवर ठेवावा? वटवाघळं असलेलं दालन टाळणारच. जाणकारांनी कृपया सांगावं.