जहाजावर नेण्याचा लॅपटॉप

वास्कोहून जहाजावर जाणाऱ्या मुलासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा, या प्रश्नावर कुणीतरी गेमिंग लॅपटॉप सुचवलाय. माझ्या मते तो नकोच. त्याचा विटेएवढा चार्जर बिघडला तर परदेशी बंदरात तसाच दुसरा मिळणं कठीण. यूएसबी-सीवर ६५ वॉटने चार्ज होणारं मॉडेल घ्या, म्हणजे तेवढ्या वॉटचा कुठलाही पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीवरून जास्त वॉट देणारा) चार्जर चालतो. बॅटरी १०० वॉट-अवरच्या आत हवी, त्याहून मोठी असेल तर विमानात नेण्यासाठी विमान कंपनीची परवानगी लागते. वॉरंटी परदेशात चालते का, हे दुकानदाराला न विचारता कंपनीच्या सपोर्टकडून लेखी घ्या. खाऱ्या दमट हवेने पोर्ट गंजतात. बॅगेत सिलिका जेल ठेवा. सर्वांत महत्त्वाचं: बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवायला सांगा. बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर ती मागितली जाऊ शकते, आणि भर समुद्रात इंटरनेट नसेल तर ती ऑनलाइन खात्यातून काढताही येत नाही.