क्रेडिट कार्डाचे पैसे झेपत नाहीत म्हणून 'फोनच उचलू नका' हा सल्ला कृपया देऊ नका

डोंबिवलीकर
काल इथे एकाने लिहिलं की कार्डाचं बिल झेपत नसेल तर भरणं सरळ बंद करा, सहा महिने फोन उचलू नका, बँक आपणहून अर्ध्या रकमेत सेटलमेंट देते. त्याखाली लोकांनी धन्यवाद दिलेत, ते बघून राहवलं नाही. मी हेच करून बसलोय. २०२१ ला नोकरी गेली तेव्हा १ लाख ८० हजार थकले होते. आधी मिनिमम, म्हणजे बिलावरची किमान रक्कम भरत होतो, ९ हजार, त्यातले साडेसात हजार व्याज आणि त्यावरच्या जीएसटीतच जायचे, मुद्दल हलायचं जेमतेम दीड हजाराने. मग बंदच केलं. फोन उचलले नाहीत. नवीन नोकरी लागली, पहिला पगार त्याच बँकेच्या खात्यात आला आणि बँकेने परस्पर वळता करून घेतला. घरभाड्याला पैसे नाहीत. शेवटी सेटलमेंट झाली, पण सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' (पूर्ण फेडलं नाही) असं लागलं आणि गेल्या वर्षी होमलोन नाकारलं. हे कुणी सांगतच नाही.

नाशिकचा_नाना
पगाराचं खातं त्याच बँकेत ठेवलंत ही तुमची चूक, सल्ल्याची नाही. ज्याच्याकडे द्यायलाच नाही त्याने काय किडनी विकायची? कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, सावकार बरा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ ला ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, ते डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. आता दाद मागायची कुणाकडे?

शिस्त_सदाशिव
मुळात नसलेले पैसे खर्च करायचेच कशाला? आमच्या वडिलांनी उधारीवर पेन घेतलं नाही. आता फोन, बूट, ट्रिप सगळं ईएमआयवर आणि मग रडारड.

डोंबिवलीकर
माझं कार्ड ट्रिपवर नाही संपलं, आईच्या डायलिसिसवर संपलं. आठवड्याला दोनदा. तुम्ही कुठलं पेन घेतलं असतंत सांगा.

वसुधा_सांगली
भांडू नका. आमच्याकडेही दोन लाख झाले होते. सासरे म्हणाले घरात सोनं असताना ४२ टक्के कसले भरता. बँकेत तारण ठेवलं, साधारण १० टक्क्याने, कार्ड एका दिवसात मिटवलं आणि कापून टाकलं, दीड वर्षात दागिने सोडवून आणले. सगळ्यांनी हेच करावं.

मीरा_ठाणे
सगळ्यांनी?? सोनं कुणाचं हो ते? माझ्या नवऱ्याच्या कार्डापायी माझ्या पाटल्या गेल्या. हप्ते थकले, लिलावाची नोटीस आली, संपलं. कार्डाचं कर्ज विनातारण असतं, बँक घरात घुसून काही उचलू शकत नाही. तुम्ही ते आपल्या हाताने तारणाचं करून दिलंत, आणि बाईचं तारण.

वसुधा_सांगली
मी स्वखुशीने दिले होते. संसार दोघांचा असतो. प्रत्येक गोष्टीत बाई-पुरुष आणायलाच हवं का?

मीरा_ठाणे
मीही 'स्वखुशीने'च दिल्या होत्या, समोर सासू-सासरे-दीर बसलेले असताना नाही कोण म्हणतं? स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही, अडचणीत वापरलं तर परत करणं त्याचं कर्तव्य, हे सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्येही सांगितलंय. कुठल्या घरात परत मिळतं ते सांगा.

नाशिकचा_नाना
धागा कार्डाचा आहे, पाटल्यांचा नाही.

मीरा_ठाणे
धागा त्याच कर्जाचा आहे. ते कुणाच्या अंगावरून फेडलं जातं तेच सांगतेय.

कोर्टाजवळचा
वकिलांच्या ऑफिसात काम करतो, रोज असे लोक येतात म्हणून लिहितो. कार्ड थकलं म्हणून कुणी जेलमध्ये जात नाही, दिवाणी मामला आहे. पण चेक दिला आणि बाउन्स झाला तर कलम १३८ लागतं, तो फौजदारी गुन्हा आहे, म्हणून घाबरून चेक लिहून देऊ नका. पगारावर कोर्टाची जप्ती आली तरी पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, पीएफला हात लावता येत नाही. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. पण कोर्टाची किंवा लवादाची नोटीस आली आणि तीही घेतली नाही तर एकतर्फी निकाल लागतो, इथेच फोन न उचलणारे फसतात. बँकेला आधीच मेल करा, ईएमआय करून मागा. सेटलमेंट झालीच तर पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका, फोनवर सांगितलेली रक्कम पुढच्या महिन्यात कुणी मानत नाही.

डोंबिवलीकर
पत्राचं कुणी आधी सांगितलं असतं तर. माझे पहिले २० हजार असेच गेले, ते सेटलमेंटमध्ये धरलेच नाहीत.

नाशिकचा_नाना
बरं, नोटीस घ्यायची आणि खातं आधी हलवायचं, एवढं मान्य. पण ४२ टक्के घेणाऱ्याला मेल करून हात जोडायचे हे मला पटणार नाही.

शिस्त_सदाशिव
डायलिसिसचं माहीत नव्हतं. त्यापुरते शब्द मागे. बुटांचं मात्र कायम.

वसुधा_सांगली
मीराताई, 'सगळ्यांनी' लिहायला नको होतं. किती तोळ्यांच्या होत्या?

मीरा_ठाणे
चार. आईने भिशी लावून केल्या होत्या. आता भाव बघवत नाही.